आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्यांसाठी: आत काय चालतं, आपण काय विचारायचं

वावरातला, घाटंजी
३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

हा धागा काढायचं वर्षभर मनात होतं. काल आमच्या गावातला एक पोरगा फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळला भरती झाला. त्याच्या भावाचा मला फोन आला, "दादा, व्हेंटिलेटर लावलं. आता काय उरलं?" म्हणून आज लिहायला बसलो.

मागच्या भादव्यात बाबा पाठीवर पंप घेऊन कपाशी फवारत होते. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, हवा बंद. दुपारी घरी आले ते घामानं निथळत, तोंडातून लाळ गळत, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शन देऊन १०८ नं पुढं पाठवलं. त्यानंतर १७ दिवस आयसीयू, त्यातले ९ व्हेंटिलेटरवर. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कितीतरी माणसं गेली ते घरोघरी ठाऊक आहे, त्यामुळं आमच्या घरात भरतीच्या रात्रीच रडारड सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी मला पाच मिनिटं आत सोडलं. बाबांचा एक हात पट्टीनं पलंगाला बांधलेला, दुसरा मोकळा. त्या मोकळ्या हातानं ते हवेतून काहीतरी चिमटीत धरून ओढायचे आणि कमरेपाशी टाकायचे. पुन्हा चिमूट, पुन्हा कमरेपाशी. मला कळायला वेळ लागला. ते कापूस वेचत होते. कमरेला फडकं बांधलंय असं समजून बोंडं वेचत होते. मी बाहेर येऊन आईला म्हटलं, बाबांना वेड लागलं.

ते वेड नव्हतं. विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात, त्याचा डोस चढला की माणूस असा भ्रमात जातो, तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, बाहुल्या मोठ्या होतात. डोस कमी केला की उतरतं. हे मला सिस्टरनं तिसऱ्या दिवशी सांगितलं, ते दोन मिनिटांत सांगून झालं. पण मधली एक रात्र आम्ही काय काढली ते आम्हालाच माहीत.

तिसऱ्या दिवशी बाबा ओळखायला लागले, चार शब्द बोलले. आम्ही गावात पेढे वाटायच्या बेतात. डॉक्टर मात्र दर फेरीला एकच म्हणायचे, "बाबा, उशीवरून मान उचला." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मान उचलेना. रात्री श्वास कमी पडला, नळी टाकली, व्हेंटिलेटर लावलं. या विषात एक ते चार दिवसांनी मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, हे डॉक्टरांना माहीत होतं, म्हणूनच ते मान बघत होते. आम्हाला वाटलं, बरा झालेला माणूस यांनी बिघडवला.

त्या रात्री नातेवाइकांनी सांगितलं, "मशीन लावलं म्हणजे संपलं. घरच्या मातीत नेऊ." मी घरी नेण्याच्या कागदावर सही करायला पेन हातात घेतलं होतं. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "तुम्हाला हे मशीन कशासाठी लावलंय ते कोणी समजावलं का?" कोणीच समजावलं नव्हतं. त्या दहा मिनिटं उभ्या राहून बोलल्या. स्नायू परत ताकद धरेपर्यंत मशीन श्वास देतं, बाकी हृदय, किडनी चांगली आहे, आठ-दहा दिवस लागतील. नऊ लागले. बाबा आज वावरात जातात. फवारायला मात्र आम्ही जाऊ देत नाही.

म्हणून या धाग्यावर ज्याला जे माहीत आहे ते लिहा. आत काम करणारे कोणी असतील तर त्यांनी तर नक्कीच.

माझ्याकडून एकच. एक शंभर पानी वही घ्या. डॉक्टरांशी घरातल्या एकानंच बोलायचं, दुसऱ्यानं शेजारी उभं राहून लिहायचं. रोज पहिला प्रश्न हाच: कालच्यापेक्षा आज बरं आहे, तसंच आहे, का वाईट? आम्ही आधी दहा जण दहा वेळा विचारत होतो आणि दहा उत्तरं घेऊन आपसात भांडत होतो.


पऱ्हाटी
३ ऑक्टोबर, रात्री १०:२५

भाऊ, वाचून रायलो आन हात कापून रायले. आमच्या काकाले असंच घरी आणलं होतं. मशीन काढून, हातानं दाबायचा फुगा देल्ला सोबत. फाट्यापर्यंतच पोचलो. काय रोग होता, किती दिवस लागले असते, काहीच विचारलं नाही आम्ही कोनाले. सगळे म्हनत होते, न्या, तर नेलं. तुमची वही आमच्यापाशी असती तर निदान समजलं असतं का नेल्यानं चूक झाली का बरोबर झालं. थेच समजत नाही आजवर.


नाईटड्युटी
४ ऑक्टोबर, पहाटे ५:१०

पऱ्हाटी भाऊ, तुमचं वाचून थांबावंसं वाटलं. मी अकरा वर्षं आयसीयूत नर्स आहे. ड्युटी संपत आली आहे, जमेल तेवढं लिहिते.

आत काय चालतं? दर तासाला नाडी, बीपी, ऑक्सिजन, लघवी किती झाली, किती सलाईन गेलं, हे सगळं एका मोठ्या कागदावर लिहितो. नळीतला कफ ओढतो. दर दोन तासांनी कूस बदलतो, नाहीतर पाठीला जखमा होतात. तोंड पुसतो, डोळ्यांना मलम लावतो, कारण गुंगीत पापणी पूर्ण मिटत नाही. व्हेंटिलेटरच्या एका रुग्णामागे एक नर्स असावी असं पुस्तकात आहे. आमच्याकडं तिघांमागे एक असते. म्हणून दार वाजवल्यावर आम्ही लगेच येत नाही. उर्मट म्हणून नाही, कोणाच्या तरी नळीत हात असतो.

हात का बांधतो? अर्धवट शुद्धीत माणूस सगळ्यात आधी घशातली नळी उपसतो. नळी निघाली तर मिनिटांत जीव जाऊ शकतो. मऊ पट्टी असते, मधून मधून सोडून बघतो. तुम्ही भेटायला आलात आणि हात धरून बसणार असाल तर सांगा, तेवढा वेळ सोडतो. नळी स्वरयंत्रातून जाते, म्हणून आवाज निघत नाही. "बोलत का नाहीत" म्हणून रडू नका.

बायकांच्या बाबतीत एक सांगायचंच आहे. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या आम्ही काढून पुडीत बांधून घरच्यांच्या हातात देतो. कितीतरी सासवा तिथंच हंबरडा फोडतात. तो अपशकुन नाही हो. अंगावर सूज येते, जोडवी बोटात रुतते, बोट काळं पडतं. मग कापून काढावी लागते. चेहराही सुजतो, ओळखू येत नाही, याचीही तयारी ठेवून आत या.

येताना काय आणावं: घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, जुन्या फाईली, विषबाधा असेल तर औषधाची बाटली किंवा निदान तिच्या लेबलचा फोटो. चष्मा आणि कानाचं यंत्र नक्की आणा, म्हातारी माणसं त्याशिवाय जास्त भ्रमतात. कवळी काढली असेल तर जपून ठेवा. अंगारा पुडीत बांधून उशाशी ठेवू देतो, पण नळीच्या रुग्णाच्या तोंडात तीर्थ, पाणी, चहाचा थेंबसुद्धा घालू नका. तो थेट फुप्फुसात जातो. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि बोला त्यांच्याशी. गुंगीत असले तरी. कोणता वार आहे, पाऊस आला का, म्हैस व्याली का, काहीही.


वर्धेची_लेक
४ ऑक्टोबर, सकाळी ११:३२

बोला म्हणून ताईंनी लिहिलं, त्यावर माझा अनुभव लिहिते. माझ्या यजमानांना दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री जमिनीवर झोपले असताना मण्यार चावला. जखम दिसत नव्हती, दुखतही नव्हतं. पहाटे पोटात दुखतंय म्हणाले. आम्ही ओवा दिला. थोड्या वेळात पापण्या उघडेनात, जीभ जड झाली. दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास थांबत आला होता. सापाच्या विषावरची लस दिली, नळी टाकली.

पाच दिवस त्यांचा देह नुसता पडून होता. चिमटा काढला तरी हालचाल नाही, डोळे बंद, बाहुल्या मोठ्या. माझ्या दिरानं पलंगाशी उभं राहून विचारलं, "आता किती दिवस ठेवायचं? बैल विकावे लागतील." मी म्हटलं, विकू.

सहाव्या दिवशी डाव्या पायाचा अंगठा हलला. दोन आठवड्यांनी घरी आले तेव्हा त्यांनी दिरांना विचारलं, "बैल विकले का रे?" सगळं ऐकू येत होतं त्यांना. शुद्ध पूर्ण होती, फक्त स्नायू लुळे होते. डॉक्टर म्हणाले, मण्यारच्या विषात असंच होतं, माणूस मेल्यासारखा दिसतो पण मेंदू जागा असतो, आणि मशीनवर वेळ काढला तर बहुतेक पूर्ण बरे होतात.

उशाशी उभं राहून काय बोलायचं ते जपून बोला, एवढंच.


भूलतज्ज्ञ
४ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

मी जिल्ह्याच्या ठिकाणी आयसीयू बघतो. वावरातला यांनी जे लिहिलं ते आमच्यावरचा आरोप म्हणूनही वाचलं आणि मान्य केलं. दहा मिनिटं उभं राहून सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. तो रोज होत नाही.

मॉनिटरकडं टक लावून बसू नका. बोटाचा चिमटा सरकला तरी तो किंचाळतो. त्यापेक्षा डॉक्टरांना चार आकडे रोज विचारा आणि त्या वहीत एकाखाली एक लिहा. मशीनमधून ऑक्सिजन किती टक्के चाललाय: साध्या हवेत २१ टक्के असतो, मशीन १०० पर्यंत देतं. ८० चा ६० झाला, ६० चा ४० झाला तर फुप्फुस सुधारतंय. बीपी टिकवायच्या औषधाचा पंप ताशी किती मिलीवर आहे: उतरत असेल तर चांगलं. लघवी: साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली तरी व्हावी. आणि शुद्ध: गुंगीचं औषध कमी केल्यावर सांगितलेलं ऐकतो का, हात दाबतो का. चार दिवसांचे आकडे ओळीनं पाहिले की तुम्हालाच दिशा कळते.

"७२ तास काही सांगता येत नाही" हे वाक्य तुम्हाला चीड आणतं, कळतं मला. काही आजारांत ते खरंच तसं असतं. पण पुढं विचारा, ७२ तासांत तुम्ही नेमकं कशाची वाट बघताय? त्याचं उत्तर प्रत्येक डॉक्टरकडं असायला हवं.

आठवडा-दोन आठवड्यांत नळी निघण्यासारखी नसेल तर गळ्याला छोटं छिद्र करून तिथून नळी टाकतात. लोक त्याला फार घाबरतात, "गळा कापला" म्हणतात. उलट त्यानं तोंड मोकळं होतं, गुंगीचं औषध कमी लागतं, मशीन सोडवणं सोपं जातं. नंतर नळी काढली की छिद्र आपोआप बुजतं. डायलिसिसचंही तसंच. विष किंवा जंतुसंसर्गानं थांबलेली किडनी बऱ्याचदा परत सुरू होते. एकदा लागलं की जन्मभर, असं नाही.

आता अवघड भाग. व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही, शरीराला वेळ काढून देतं. त्या वेळात बरं होण्यासारखं काही असेल तर ते जीव वाचवतं, वरच्या दोन्ही गोष्टींत वाचवला. पण मेंदूत मोठा रक्तस्राव, सगळीकडं पसरलेला कॅन्सर, आधीच थकलेली फुप्फुसं आणि हृदय, तिथं ते फक्त मरण लांबवतं. तेव्हा थेट विचारा: "तुमचे स्वतःचे वडील असते तर काय केलं असतं?" आणि "बरे झालेच तर कसे असतील, चालतील का, ओळखतील का?"

उपचार आवरते घेणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नाही. वेदना, धाप, घशातली घरघर यावर शेवटपर्यंत औषध देता येतं आणि द्यायलाच हवं. जीवरक्षक उपचार थांबवण्याला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिली, २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली. त्यात डॉक्टरांच्या दोन मंडळांचं मत लागतं, एकट्या डॉक्टरनं किंवा एकट्या मुलानं ठरवायचं नसतं. शिवाय केंद्र सरकारच्या २०२३ च्या सूचनांनुसार रुग्णानं किंवा नातेवाइकांनी नको म्हटलं तर आयसीयूत भरती करू नये, असंही आहे.

पऱ्हाटी भाऊ, तुमच्या काकांना काय आजार होता ते मला माहीत नाही, म्हणून चूक की बरोबर ते मी सांगू शकत नाही. पण त्या रात्री तुम्हाला समजावून सांगणं हे आमचं काम होतं.


चिमूरकर
४ ऑक्टोबर, रात्री ८:१५

मी आत्ता नागपुरात आयसीयूच्या बाहेर जिन्यावर बसून हे वाचतोय. आई ६२ वर्षांची. धान निंदायला जायची. आठ दिवस ताप, गावात गोळ्या-सलाईन झालं, मग धाप लागली. इथं सिस्टरला काखेत काळी खपली दिसली, डॉक्टर म्हणाले स्क्रब टायफस, गवतातल्या बारीक किड्यांपासून होतो. परवापासून व्हेंटिलेटरवर. खासगी दवाखाना आहे. एक लाख चाळीस हजार गेले. थोरला भाऊ म्हणतो घरी नेऊ. मला काही सुचत नाही. मेडिकलची चिठ्ठी दर दोन तासांनी येते.


भूलतज्ज्ञ
४ ऑक्टोबर, रात्री ८:४०

भाऊ, खपली सापडली, रोग कळला, ही मोठी गोष्ट आहे. या रोगावर नेमकं औषध आहे आणि ते स्वस्त आहे. फुप्फुसाला सूज आली असेल तर वेळ लागतो, पण ही वेळ काढून बरी होण्यासारखी जागा आहे. मी तुमच्या आईला पाहिलेलं नाही, म्हणून शब्द देत नाही. आत्ता एवढंच विचारून या: ऑक्सिजन किती टक्के, बीपीचं औषध चालू आहे का, लघवी होते का. घरी नेण्याचा निर्णय आज रात्री घेऊ नका.


जुना_आरोग्यमित्र
४ ऑक्टोबर, रात्री ९:०२

चिमूरकर, पैशाचं मी सांगतो. मी योजनेत काम केलंय.

पहिलं, दवाखाना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते दर्शनी भागातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर विचारा. टेबल नसेल तर १५५३८८ वर फोन लावा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण यादीतल्या आजारांना आणि योजनेतल्याच दवाखान्यांत. रेशनकार्ड आणि आधार लागतं. तातडीच्या वेळी फोनवर मंजुरी घेऊन कागद नंतर जोडता येतात, म्हणून "कागद नाहीत" ऐकून परत फिरू नका. लोक डिस्चार्जच्या दिवशी योजना विचारतात, तेव्हा काहीच करता येत नाही. भरतीच्या दिवशी विचारायची असते ती.

दुसरं, दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, उत्पन्नाचा दाखला गावाकडून मागवून घ्या. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही सोबतच टाका.

तिसरं, दोन्ही नाही जमलं तर मेडिकल, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात हलवायचं का, ते डॉक्टरांना सरळ विचारा. हलवायचं तर आधी तिथं खाट आणि व्हेंटिलेटर रिकामं आहे याची फोनवर खात्री, मग मशीन असलेली गाडी, मग रुग्ण हलवायचा. उलट क्रमानं केलेलं मी बरंच पाहिलंय, आणि ती माणसं गाडीत गेली.

आणि घाबरू नका. बिलाची बाबवार प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. फाईलची प्रत अर्ज केल्यापासून ७२ तासांत द्यावी लागते. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही, राज्याच्या २०२१ च्या नियमांत आहे.

वावरातला यांच्यासारख्या प्रसंगांत अजून एक. विषबाधा, सर्पदंश, अपघात या पोलीस केस असतात. पोलीस जबाब घ्यायला येतात तेव्हा लोक दचकतात आणि काहीबाही सांगतात. फवारताना झालं असेल तर तसंच नीट लिहून घ्या. दुर्दैवानं माणूस गेला तर शेतकरी अपघाताच्या अनुदानाला तो जबाब आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. शवविच्छेदन नको म्हणून रडून नेणारे नंतर तहसीलला खेटे घालतात.


पऱ्हाटी
४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

चिमूरकर भाऊ, जेवले का? दवाखान्याच्या बाहेर कोनाले खायचं भान राहत नाही. आळीपाळीनं झोपा. मी नागपुरातच हावो, मेडिकल चौकापासून जवळ. डबा आनतो. खाजगीत नंबर टाका.


वावरातला, घाटंजी
५ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

घरी आल्यानंतरचंही लिहून ठेवतो, कोणी सांगत नाही म्हणून. बाबा घरी आले तेव्हा पेला उचलता येत नव्हता. मांड्या काड्यांसारख्या. आवाज महिनाभर घोगरा. रात्री दचकून उठायचे आणि "घंटा वाजतेय, सिस्टरला बोलवा" म्हणायचे. आम्हाला वाटलं विषाचं काही राहिलं. डॉक्टर म्हणाले, आयसीयूतून आलेल्या बऱ्याच जणांना असं होतं, अंगाचं आणि मनाचं भरून यायला महिने लागतात. रोज थोडं बसवा, मग उभं करा, मग अंगणात. डाळ, अंडी द्या. बाबांनी दसऱ्याला बैलांपर्यंत चालत जायचं ठरवलं होतं. नाही जमलं. दिवाळीला जमलं.

चिमूरकर, काय खबर?


चिमूरकर
५ ऑक्टोबर, दुपारी १:५०

पऱ्हाटी दादांनी रात्री डबा आणला, ते, भाऊ आणि मी तिघं जिन्यावर बसून जेवलो. जेवताना भावाला तुमचा सगळ्यांचा धागा वाचून दाखवला. वर्धेच्या ताईंचं बैलांचं आलं तेव्हा तो उठून खिडकीपाशी गेला. नेऊ म्हणाला नाही परत.

दवाखाना योजनेत आहे निघाला. टेबल मागच्या इमारतीत होतं. आजपासूनचं योजनेत घेतात का ते संध्याकाळी कळेल, आधीचे गेले ते गेले. रेशनकार्ड गावाहून एसटीनं येतंय.

सकाळी डॉक्टरांनी वेळ दिला. मी विचारलं, भावानं लिहिलं. ऑक्सिजन काल ७०, आज ५५. बीपीचं औषध ताशी ८ मिली होतं, आता ५. लघवी होतेय. जोडव्यांची पुडी माझ्या वरच्या खिशात आहे. आत गेलो तेव्हा आईला सांगितलं, धान लोंबीवर आलंय, पाणी दिलंय. तिनं काही हालचाल केली नाही. आता चार वाजता पुन्हा सोडणार आहेत, तेव्हा भाऊ जाईल.